तिसऱ्या खुंटाची नाव

यावोर्नाच्या तळ्यावर नाव उभ्यानं वल्हवतात. नावाडी मागच्या फळीवर उभा राहतो, दोन्ही वल्ही छातीशी घेतो आणि पुढे बघत ढकलत राहतो. माणसं त्याच्या पुढ्यात दोन बाजूंच्या बाकांवर समोरासमोर बसतात. त्यामुळे नावाड्याला दिवसभर तळंही दिसतं आणि तोंडंही.

ब्रिना ओदार लहानपणापासून वल्हवत आली होती, पण बसून आणि पाठ पुढे करून. शर्यतीच्या अरुंद नावेत तसंच बसावं लागतं. त्यात तिनं पदकं मिळवली, देशाच्या संघाच्या निवडीपर्यंत पोचली आणि तिथे अडली. त्याच हिवाळ्यात तिच्या वडिलांचा, गाश्पेरचा, उजवा खांदा गेला. ब्रिना शहरातली खोली सोडून घरी आली आणि उन्हाळा लागताच बापाच्या नावेवर उभी राहिली.

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. वेग तिच्या अंगात होता, पण या नावेत वेगाला कुणी विचारत नव्हतं. खरं काम धक्क्याशी होतं. या नावेत चढायचं आणि उतरायचं मागच्या बाजूनं. म्हणजे धक्का जवळ आला की एक वल्हं रोवायचं, दुसऱ्यानं रेटायचं, नाव जागच्या जागी फिरवायची आणि तिची पाठ दगडी पायऱ्यांना अशी लावायची की बसलेल्याला नाव थांबल्याचं कळू नये. ब्रिनाची नाव पायऱ्यांवर आपटायची. एकदा एका ऑस्ट्रियन बाईंचा चष्मा तळाशी गेला. तेव्हापासून गाश्पेर रोज पहाटे रिकाम्या नावेत मागच्या बाकावर कॉफीचा काठोकाठ कप घेऊन बसू लागला. कॉफी सांडली की नुसतं म्हणायचा, "पुन्हा." त्या उन्हाळ्यात त्याच्या सगळ्या पँटींवर कॉफीचे डाग होते.

धक्क्यावर ओकचे जुने खुंट आहेत. एकेक खुंट एकेका घराचा. ओदारांचा तिसरा, पायऱ्यांना अगदी लागून, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. खुंट घरात चालत येतो, पण आपोआप नाही. संत आनाच्या रविवारी नव्या नावाड्यानं शर्यतीत उतरायचं, आणि शर्यत झाली की सगळ्यात म्हातारा नावाडी धक्क्यावर उभा राहून विचारतो, खुंट कोणाचा? बाकीच्यांनी त्या घराचं नाव घेतलं तर खुंट राहिला. ते गप्प बसले तर गेला. का गप्प बसलात, असं विचारायचं नसतं. मेझ्नारांचा खुंट असाच गेला. त्यांचा मुलगा शर्यतीत दुसरा आला होता, पण गिऱ्हाइकांवर खेकसायचा. आता तो पोहण्याच्या घाटावर आइस्क्रीम विकतो आणि तिथेही खेकसतो.

दोन उन्हाळे ब्रिनानं बापाच्या नावावर काढले. यंदा वसंतात डॉक्टरांनी गाश्पेरला साफ सांगितलं की खांदा परत यायचा नाही. म्हणजे या रविवारी सगळ्यात म्हातारे नावाडी, वालेंतिनकाका, प्रश्न विचारणार होते, आणि तो तिच्याबद्दल असणार होता.

शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर लोव्रो रोझ्मान आपली नाव पुसत होता. त्याचा खुंट चौथा. माणूस पंचेचाळिशीचा, अंगानं पिंपासारखा, गेल्या सहा शर्यतींतल्या चार त्याच्याच. तिसरा खुंट सुटला तर रांगेनं तो रोझ्मानांकडे जाणार होता, आणि लोव्रोचा पुतण्या नावेसाठी केव्हाचा तयार बसला होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, लोव्रोनंही ते कधी लपवलं नव्हतं.

"काय गं ब्रिना, उद्या शिट्टी कोण वाजवणार?" तो ओरडला. "शिट्टीशिवाय तुम्हा बसणाऱ्यांचा हात चालत नाही म्हणे."

"तू वाजव. मागून नीट ऐकू येईल मला."

धक्क्यावरचे दोघं-तिघं हसले. लोव्रोही हसला. मग फडकं पिळत तो शेजारच्या नावेशी बसलेल्या गाश्पेरकडे वळला आणि जरा आवाज उतरवून म्हणाला, "पोरगी जोरात आहे रे. खोटं कशाला बोलू? पण मला विचारशील तर, तिला नाव नकोय, शर्यतीची रेषा हवीय. ती ओलांडली की संपलं."

गाश्पेर नावेच्या सांध्यांत डांबर भरत राहिला.

घरी जेवताना ब्रिनानं विषय काढला. ताटात गव्हाच्या पिठाचे गरम गोळे होते, वर चरबीत परतलेला कांदा, बाजूला ताकाचा गडू.

"लोक काय म्हणताहेत, बाबा?"

"म्हणताहेत, तू जिंकशील."

"मग झालं तर."

"हो ना. सगळे तेच म्हणताहेत."

"अहो, मग अडलंय कुठे? जिंकल्यावर गप्प बसायला तोंड कुणाला राहील?"

गाश्पेरनं गोळा ताकात बुडवला. "मेझ्नारचा पोरगा दुसरा आला होता," एवढंच तो म्हणाला, आणि मग हवेबद्दल बोलू लागला. उद्या दुपारचा वारा लवकर सुटेल असं त्याचं म्हणणं होतं.

ब्रिनाला त्यातलं वाऱ्याचं तेवढं पटलं. बाकी तिनं ठरवून टाकलं होतं. दुसरं येणं वेगळं आणि पहिलं येणं वेगळं. पहिल्या आलेल्या माणसासमोर गप्प बसायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. लोव्रोला दोन नावांच्या अंतरानं मागे टाकायचं आणि वालेंतिनकाकांना प्रश्न विचारायची वेळच आणायची नाही.

रविवारची मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, पलीकडच्या काठावर, चॅपेलच्या अंगणात झाली. अर्धं गाव नावांतून गेलं, अर्धं सायकलींवरून. तळ्यावर उन्हाळ्याची नेहमीची गर्दी होती. फळ्यांवर उभं राहून वल्हवणारे पर्यटक, लहान कायाक होड्या, पुलावरून पाण्यात उड्या टाकणारी पोरं, डोंगरावरून उतरून बूट काढून पाय पाण्यात सोडलेले गिर्यारोहक. शर्यतीपुरती मधली वाट केशरी पिंपं बांधून मोकळी ठेवली होती, आणि सगळे पिंपांच्या दोन्ही बाजूंना येऊन दाटले होते.

नियम थोडे आणि जुने. पाच नावा. प्रत्येक नावेत चार माणसं, आणि तीही दुसऱ्या घरांतली. पूर्वी नावा रिकाम्या पळवायचे, तेव्हा एकमेकांवर घालायचे. स्वतःची आई समोरच्याच्या नावेत बसवायला लागल्यापासून कुणी कुणाला धक्का मारत नाही. चॅपेलपासून सुटायचं आणि नावेचं नाक आपल्या खुंटाला टेकवायचं. ज्याचं आधी टेकलं तो जिंकला.

चिठ्ठ्या निघाल्या. गाश्पेर लोव्रोच्या नावेत आला. ब्रिनाच्या नावेत मेझ्नार नवरा-बायको, वालेंतिनकाकांचा अबोल जावई, आणि उर्शाकाकू.

उर्शाकाकू म्हणजे लोव्रोची आई. वय अठ्ठ्याहत्तर, वजन विचारायची सोय नाही. ईस्टरला कंबरेचा सांधा बदलून घेतला होता, तेव्हापासून हातात काठी. त्या काठीला गाव आधीपेक्षा जास्त घाबरायचं. दोघांनी धरून त्यांना नावेत बसवलं. त्यांनी काठी गुडघ्यांत धरली, झगा सारखा केला आणि बाकावर मुक्काम ठोकला.

"काकू, जरा डावीकडे बसता का?" ब्रिना म्हणाली. "तोल सांभाळायला."

"मी लग्न करून या गावात आले त्या दिवसापासून नावेत उजवीकडे बसते."

"मग नाव उजवीकडे झुकेल."

"झुकू दे की. तू सरळ कर. नावाडी तू आहेस ना? का ते अजून ठरायचंय?"

मेझ्नारबाईंनी हसू दाबलं. ब्रिनानं वाद घातला नाही. बाकी तिघांना तिनं डावीकडे हलवलं, अबोल जावयाला आणखी एक वीत मागे सरकवलं, आणि पायाखालच्या फळीवर एकदा या, एकदा त्या पायावर भार टाकून पाहिलं. नाव सरळ बसली.

"बरी बसवलीस," उर्शाकाकू म्हणाल्या. "पण माझा लोव्रो तुला धक्क्यावर गाठणार."

चॅपेलची घंटा वाजली आणि पाचही नावा सुटल्या.

पहिल्या शंभर हातांतच ब्रिनाला कळलं की आज होणार. बसून वल्हवताना जोर पायांतून येतो. उभ्यानं वल्हवणारे गावातले नावाडी खांद्यांवर भिस्त ठेवतात. दोन उन्हाळ्यांत तिनं हळूहळू, कुणाला न सांगता, पायांतला जोर उभ्या अंगातून वल्ह्यांपर्यंत न्यायला शिकून घेतलं होतं. टाचेपासून ढकलायचं. पाठ शेवटी. नाव जड होती, लाकडी होती, पण एकदा चालायला लागली की थांबायचं नाव घेत नव्हती.

"लोव्रो कुठे आहे गं?" काकूंनी विचारलं. "मला वळता येत नाही."

"मागे आहे."

"किती मागे?"

"नावेच्या लांबीएवढा."

"खातो फार," काकू म्हणाल्या. मग जरा वेळानं, "तुझा बाप बसलाय त्याच्या नावेत. ओंडक्यासारखा जड माणूस. म्हणून मागे पडलाय तो. नाहीतर दिसली असतीस का तू?"

"बाबा तुमच्यापेक्षा हलके आहेत, काकू."

जावयाच्या तोंडून एक आवाज निघाला. तो त्यानं खोकला म्हणून खपवला.

"जीभ आहे," काकू मेझ्नारबाईंना म्हणाल्या. "आजीवर गेलीय. हिच्या आजीनं मला भर बाजारात भोपळा म्हटलं होतं."

तळ्याच्या मध्यावर वारा आला. गाश्पेर म्हणाला होता तसा, वेळेच्या बराच आधी, घळीतून थेट आडवा. पाण्यावर आधी काळपट पट्टा दिसला, मग छोट्या लाटा नावेच्या बाजूवर थपथपू लागल्या. मागच्या दोन नावा लगेच वाकड्या झाल्या. ब्रिनानं नाक वाऱ्याकडे थोडं आधीच वळवून ठेवलं होतं. वारा तिला ढकलत ढकलत सरळ वाटेवर आणत राहिला. पिंपांपलीकडच्या फळ्यांवरचे दोन-तीन पर्यटक पाण्यात कोसळले. बाकीच्यांनी वल्ही उंच करून आरोळ्या ठोकल्या.

आता लोव्रो दीड नाव मागे होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि मधूनच बापाचा आवाज. गाश्पेर लोव्रोशी काहीतरी बोलत होता. बहुधा त्याला चिडवत होता.

"लोव्रो?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"दीड नाव."

लाट लागली की काकूंचा हात बाकाची कड घट्ट धरायचा. ब्रिनाचं तिकडे लक्ष होतं, म्हणजे असं काही ठरवून नाही. रोजच्यासारखं. नावेत कोण घाबरलंय, कुणाला ऊन लागतंय, कोणतं पोर पाण्यात हात घालतंय, हे सगळं तिला न बघता दिसत होतं.

धक्का समोर आला. माणसांनी नुसता फुलला होता. "ओदार! ओदार!" असा घोष चालू होता, आणि त्यात रोझ्मानांच्या गल्लीतलेही काही आवाज होते, हे तिला स्पष्ट ऐकू आलं. तिसरा खुंट नाकासमोर होता, काळा, पाण्यानं हिरवा झालेला. आणखी दहा-बारा हात. मांड्या पेटल्या होत्या, पण त्यांत अजून दम होता. तिनं मागे पाहिलं नाही. गरज नव्हती.

तेवढ्यात उर्शाकाकूंनी काठी गुडघ्यांतून काढून हातात घेतली आणि झग्याचा घोळ एका मुठीत गोळा केला.

धक्का आला की सगळे बसलेले असंच काहीतरी करतात. कुणी पिशवी उचलतं, कुणी पोराचा हात धरतं, कुणी टोपी सारखी करतं. दिवसातून कितीतरी वेळा ब्रिना ते बघते. आणि ते दिसलं की जे करायचं असतं ते तिच्या हातांनी केलं. डावं वल्हं रुतलं. उजव्यानं रेटलं. नावेचं नाक खुंटापासून वळलं, तळ्याकडे फिरलं, आणि नावेची पाठ पायऱ्यांना येऊन लागली. मेझ्नारबाईंच्या मांडीवर उघडी सोडापाण्याची बाटली होती. तिच्यातला थेंब सांडला नाही.

"सावकाश, काकू," ब्रिना म्हणाली. "आधी डावीकडचे, एकेक करून, मग तुम्ही. घाई नाही."

धक्क्यावरचा आवाज एकदम बंद झाला.

मग तिला कळलं.

पुढच्याच क्षणी लोव्रोची नाव चौथ्या खुंटावर धाडकन आदळली. खुंट हादरला. नावेतली माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. जेवणासाठी डोंगरावरच्या गुराख्यांकडून आणलेल्या दह्याचं मडकं लवंडलं, ते सबंध गाश्पेरच्या मांडीवर. लोव्रो दोन्ही हात वर करून ओरडला, "टेकली!" आणि मग आजूबाजूला बघू लागला, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

ब्रिनाचं तोंड कानांपर्यंत तापलं. वल्ही फेकून द्यावीत, पाण्यात उडी घ्यावी, पलीकडच्या काठापर्यंत पोहत जावं, असं काहीही करायला ती तयार होती. पण नाव पायऱ्यांना लागलेली होती आणि वारा तिला ओढत होता. डावं वल्हं तिनं रोवून धरलं होतं म्हणून ती तिथे होती. शेवटचं माणूस उतरेपर्यंत तो हात सुटणार नव्हता. तेव्हा ती तशीच उभी राहिली, भर गावासमोर, ओठ चावत, आणि नाव धरून ठेवली.

मेझ्नारबाई उतरल्या. मग जावई. मग मेझ्नार. शेवटी उर्शाकाकू उठल्या. त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. काठी पायरीवर टेकवली, एक पाय वर ठेवला, मग दुसरा. नाव तसूभर हलली नाही. वरच्या पायरीवर पोचून त्या वळल्या आणि ब्रिनाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"काय केलंस गं हे?"

"मला नाही माहीत," ब्रिना म्हणाली. आवाज फुटला होता, त्याचा तिला आणखी राग आला. "तुम्ही काठी उचललीत."

"मी काठी उचलली!" काकू धक्क्याकडे वळून म्हणाल्या. "ऐकलंत? मी काठी उचलली म्हणून पोरीनं शर्यत सोडली." मग काठी चौथ्या खुंटाकडे रोखली. "आणि तो माझा मुलगा. तो जिंकला. लोव्रो, जिंकलास ना? मग ये, गाश्पेरची पँट पूस."

हसू आधी धक्क्याच्या टोकाला फुटलं, मग सगळीकडे पसरलं. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "ब्रिनाच जिंकली! तिची नाव आधी लागली!" आणि दहा-पंधरा जणांनी ते उचललं.

ब्रिनानं नाव खुंटाला बांधली आणि धक्क्यावर चढली. "नाही," ती म्हणाली. ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा, मोठ्यानं, "नाही! नाक खुंटाला टेकवायचं असतं. माझं टेकलं नाही. लोव्रो जिंकला. वाद घालू नका."

"अगं, पण तू पुढे होतीस…"

"पुढे होते आणि हरले. मला फुकटचं काही नको."

आवाज खाली बसला. वालेंतिनकाका पुढे आले. ऐंशीच्या पुढचे, वाळक्या फांदीसारखे, दोन्ही कानांत यंत्र. त्यांनी आधी विजेत्याच्या बक्षिसाचा मोठा पाव लोव्रोच्या हातात दिला. लोव्रोनं तो काखेत मारला. "चला," तो म्हणाला. "निदान वालेंतिनकाकांना तरी दिसलो मी."

गर्दीतून गाश्पेर आला. मांड्यांवर दही, केसांत दही. तो लेकीसमोर उभा राहिला.

"मी हरले, बाबा."

"बघितलं."

"जिंकत होते."

"तेही बघितलं." त्यानं खिशातून रुमाल काढला, तोही दह्यानं माखलेला निघाला, तेव्हा त्यानं तो परत ठेवला. त्याचा चेहरा विचित्र दिसत होता. ब्रिनाला आधी वाटलं, त्याचा खांदा दुखावलाय. मग लक्षात आलं की तो हसू आवरतोय, आणि नुसतं हसूच नाही. पहाटेच्या त्या सगळ्या कपांच्या वेळी तिनं हा चेहरा एकदाही पाहिला नव्हता.

वालेंतिनकाकांनी घसा साफ केला. धक्का शांत झाला. शेजारच्या घाटावरच्या पर्यटकांनाही काहीतरी कळलं असावं, तेही थांबले.

"तिसरा खुंट कोणाचा?"

कुणी बोललं नाही.

पहिलं येऊन ती सगळ्यांची तोंडं बंद करणार होती, आणि आता तिच्याकडे पहिलं येणंही नव्हतं. तिनं नावाड्यांकडे पाहिलं. ते कुणी तिच्याकडे बघत नव्हते. सगळे लोव्रोकडे बघत होते. खुंट सुटला तर त्याच्या घरी जाणार होता, तेव्हा आधी त्यानं बोलावं किंवा आधी त्यानं गप्प बसावं, असं प्रत्येकानं मनाशी ठरवलेलं दिसत होतं. त्याचा पुतण्या चुलत्याच्या मागे उभा होता, चप्पल काढून, नवा कोरा शर्ट घालून.

"माझ्याकडे काय बघताय?" लोव्रो म्हणाला.

उर्शाकाकूंनी तोंड उघडलं. लोव्रोनं त्यांच्याकडे हात केला. "आई, तू नावाडी नाहीस. तू बोलू नकोस."

काकू खरोखरच बोलल्या नाहीत. गावात त्याची नंतर बरेच दिवस चर्चा झाली.

लोव्रोनं काखेतला पाव दुसऱ्या काखेत घेतला. "मी काल म्हटलं होतं, हिला रेषा हवीय," तो म्हणाला. "गाश्पेरला म्हटलं होतं. तो साक्षीला आहे. आज रेषा हिच्या नाकाशी होती आणि हिनं माझ्या आईला उतरवलं. मी असतो तर खुंटावर आदळलो असतो. म्हणजे, आदळलोच. माझ्या नावेतल्या चार माणसांना विचारा." तो थांबला. पुढचं बोलणं त्याला जड जात होतं हे दिसत होतं, आणि त्यानं मागे वळून पुतण्याकडे पाहिलं नाही. "पळवायला काय, कुणीही पळवेल. ओदारांचा."

"दया नको मला, लोव्रो," ब्रिना म्हणाली.

"दया? तुझ्यावर? बाई, मी आजवर इतकी लाजिरवाणी शर्यत जिंकलेली नाही. दया कुणी माझ्यावर करा."

"ओदारांचा," दुसऱ्या खुंटाचा नावाडी म्हणाला.

"ओदारांचा." "ओदारांचा."

वालेंतिनकाकांनी कानातलं यंत्र हलवलं. "मोठ्यानं बोला!"

"ओदारांचा!" या वेळी नावाड्यांबरोबर घाटही ओरडला. ज्यांना बोलायचा हक्क नव्हता तेही ओरडले. आइस्क्रीमच्या गाडीवरून मेझ्नारचा पोरगा ओरडला, आणि तो खेकसल्यासारखा वाटला नाही.

ब्रिना ताठ उभी राहिली. पदकं घेताना ती अशीच उभी राहायची, पण तेव्हा तिच्या डोक्यात नेहमी पुढची शर्यत असायची. आता काहीच नव्हतं. हे लोक होते आणि खुंट होता. पुढच्या वर्षी ती लोव्रोला तीन नावांनी हरवणार होती, तेही त्याच वेळी तिच्या मनात पक्कं झालं.

"मग उभी काय राहिलीस?" वालेंतिनकाका म्हणाले. "सकाळपासून लोक खोळंबलेत."

खरंच, सुट्टीवर आलेल्यांची रांग पायऱ्यांपासून पार सायकलींच्या स्टँडपर्यंत गेली होती. शर्यतीसाठी नावा बंद होत्या ना. ब्रिनानं तोंडावर पाणी मारलं आणि नावेत उतरली. गाश्पेर पायरीवर उभा राहून माणसं सोडू लागला. डावा हात तो अजूनही लोकांच्या कोपराला द्यायचा, उजवा खिशात. त्याचं जर्मन यथातथाच होतं आणि इटालियन त्याहून वाईट. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट दोन्ही भाषांत सांगत होता.

"नावाडी, ती. माझी मुलगी. आज शर्यत हरली."

एक वयस्कर इटालियन जोडपं चढत होतं. बाईंनी ब्रिनाकडे बघून मान कलती केली, हळहळल्या.

"नाही, नाही," गाश्पेर घाईनं म्हणाला. त्यांना नीट समजलं नाही असं वाटून त्यानं आवाज चढवला. "हरली! जिंकत होती, आणि हरली! माझी मुलगी!"

"बाबा, पुरे."

"पुरे काय? त्यांना कळलेलं नाही अजून."

शेवटचं माणूस बसलं. ब्रिनानं भार या पायावरून त्या पायावर टाकला, एका जाड्या गृहस्थाला हातानं खूण करून डावीकडे सरकवलं आणि रोवलेलं वल्हं उचललं. नाव पायऱ्यांपासून निघाली. वारा अजून होता. मागे धक्क्यावर रांगेतल्या पुढच्या माणसांना गाश्पेरनं गाठलं होतं, आणि या वेळी तो हातवारे करून, काठी कशी उचलली आणि नाव कशी फिरली, तेही दाखवत होता.